अरेंजर कीबोर्डवरच्या फायली कशा ठेवाव्यात आणि बॅकअप कसा घ्यावा

कार्यक्रमात रजिस्ट्रेशनचे, म्हणजे एका गाण्याची सारी मांडणी एका दाबात आणणारे, बटण दाबावे, उजव्या-डाव्या हाताचे टोन बरोबर बदलावेत, पण मागे वाजणारी स्टाइल (ठेका आणि साथसंगत) मात्र आधीच्याच गाण्याची राहावी, हा प्रकार अरेंजर कीबोर्ड, म्हणजे आपोआप साथ देणारा कीबोर्ड, वाजवणाऱ्या पुष्कळांनी कधी ना कधी अनुभवलेला असतो. मी तो नवरात्रातल्या एका कार्यक्रमात भोगला, आणि त्यात वाद्याचा काडीचाही दोष नव्हता. आदल्या रात्री पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून मी हौसेने आवराआवर केली होती. इकडेतिकडे विखुरलेल्या दांडियाच्या साऱ्या स्टाइल्स एका नव्या फोल्डरमध्ये हलवल्या, जुनी दोन-तीन फोल्डर पुसून टाकली आणि आता सगळे कसे नीटनेटके झाले म्हणून समाधानाने झोपलो. एकही फाइल हरवलेली नव्हती, तरीही दुसऱ्या दिवशी निम्मी बटणे निकामी ठरली.

याचे कारण असे की रजिस्ट्रेशनमध्ये स्टाइल साठवलेली नसते, तिचा पत्ता साठवलेला असतो. टोन, आवाजाची पातळी, इफेक्ट आणि स्प्लिट पॉइंट (डाव्या-उजव्या हाताचे टोन जिथे विभागतात ती पट्टी) यांची नोंद रजिस्ट्रेशनच्या फाइलमध्ये असते. पण बाहेरून आणलेली स्टाइल, मल्टी पॅड (बटण दाबताच वाजणारे छोटे तुकडे), मिडी गाणे (ध्वनीऐवजी स्वरांच्या सूचना असलेली फाइल) किंवा ऑडिओ फाइल यांच्याबाबतीत तिथे फक्त ‘अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक नाव’ एवढेच लिहिलेले असते. घर बदलल्यावर जुन्या पत्त्यावर टाकलेले पत्र पोहोचत नाही, तसेच इथे होते. यामाहाच्या नव्या मॉडेल्समधली प्लेलिस्ट तर याहून एक पायरी पुढची आहे, कारण तिच्यात रजिस्ट्रेशन बँकेचा, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या बटणांच्या एका संचाचा, पत्ता असतो आणि त्या बँकेत स्टाइलचा. म्हणून अरेंजर कीबोर्डचा बॅकअप घ्यायचा म्हणजे नुसत्या फायलींच्या प्रती काढायच्या नसून त्या फायलींमधले नातेही जसेच्या तसे जपायचे असते. पुढची सारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. विवेचनासाठी मी मुख्यतः यामाहाची 2019 साली आलेली पीएसआर-एसएक्स 700 आणि एसएक्स 900 ही मॉडेल्स समोर ठेवली आहेत; कॉर्ग आणि कॅसिओच्या वाद्यांत जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

कोणती गोष्ट कुठे राहते

वाद्यात चार निरनिराळ्या जागा असतात आणि त्यांची गल्लत झाली की नुकसान होते. पहिली जागा तात्पुरत्या स्मृतीची. नुकतेच ध्वनिमुद्रित केलेले मिडी गाणे किंवा स्टाइल क्रिएटरमध्ये, म्हणजे स्वतःची स्टाइल बनवण्याच्या सोयीत, जुळवत असलेली ढोलकी ‘सेव्ह’ करेपर्यंत इथेच असते आणि वीज गेली की नाहीसे होते. यामाहाच्या वाद्यांत ठरावीक वेळ काहीही न वाजवल्यास वाद्य आपोआप बंद करणारी सोय असते. तालमीत चहाला उठलेली मंडळी गप्पांत रमतात, वाद्य मुकाट्याने बंद होते आणि तासाभराची मेहनत वाया जाते. तालमीपुरती ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद ठेवलेली बरी.

इथे एक बारकावा नवशिक्यांना हमखास फसवतो. मेमरीचे बटण दाबून एखाद्या क्रमांकावर रजिस्ट्रेशन नोंदवले म्हणजे ते साठवले गेले, असा समज होतो. प्रत्यक्षात दहा बटणांची ती संपूर्ण बँक आरजीटी प्रकारची फाइल म्हणून वेगळी सेव्ह करावी लागते. तसे न करता दुसरी बँक उघडली की आधीची नोंद गेलीच म्हणून समजा.

दुसरी जागा वाद्याच्या आतली, म्हणजे यूजर ड्राइव्ह. एसएक्स 700 आणि 900 मध्ये ती सुमारे 1 जीबीची आहे. आधीच्या पीएसआर-एस 970 या मॉडेलमध्ये ती सुमारे 20 एमबीच होती. तिसरी जागा पेन ड्राइव्हची, जो वाद्याच्या पडद्यावर यूएसबी 1 अशा नावाने दिसतो. चौथी जागा एक्सपान्शन मेमरीची, म्हणजे बाहेरून घेतलेल्या नव्या टोनच्या पॅकची. एसएक्स 900 मध्ये तिची क्षमता 1 जीबी आणि एसएक्स 700 मध्ये 400 एमबी आहे. यूजर ड्राइव्हवर ठेवलेल्या फायलींना जे नियम लागू होतात, ते या चौथ्या जागेला लागू होत नाहीत. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

आता कुठे काय ठेवावे हा प्रश्न. स्टाइल, रजिस्ट्रेशन, मिडी आणि मल्टी पॅड या फायली आकाराने किरकोळ असतात आणि किलोबाइटमध्ये मोजल्या जातात, त्यामुळे 1 जीबीच्या यूजर ड्राइव्हमध्ये एखाद्या व्यावसायिक वादकाचा सारा संसार मावतो. जागा खाते ती ऑडिओ. सीडीच्या दर्जाची, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टीरिओ अशी वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे 10 एमबी घेते. म्हणून माझे मत असे आहे की ज्यांच्याकडे नवे मॉडेल आहे त्यांनी स्टाइल्स आणि रजिस्ट्रेशन यूजर ड्राइव्हवरच ठेवावेत आणि पेन ड्राइव्ह ऑडिओसाठी व बॅकअपसाठी राखून ठेवावा. रंगमंचावर पेन ड्राइव्हला कुणाचा तरी धक्का लागतो, वायरीत अडकून तो निघतो, कधी सवयीने आपणच काढून खिशात टाकतो. यूजर ड्राइव्हचा पत्ता मात्र अशा कोणत्याही प्रसंगी बदलत नाही. जुन्या मॉडेलवर वाजवणाऱ्यांना पेन ड्राइव्हवाचून गत्यंतर नसते, आणि त्यांनी पुढची शिस्त अधिकच कसोशीने पाळायला हवी.

फोल्डरची रचना एकदाच, पण विचार करून

स्टाइल्ससाठी एक मुख्य फोल्डर, रजिस्ट्रेशनसाठी दुसरे, मल्टी पॅडसाठी तिसरे आणि गाण्यांसाठी चौथे, इतकी साधी रचना पुरते. स्टाइल्सच्या फोल्डरमध्ये भजन, लावणी, दांडिया, वरात, भावगीत, कोळीगीत असे ठेक्याच्या किंवा प्रकाराच्या अंगाने उपविभाग करावेत, कारण स्टाइल शोधताना आपल्या मनात ठेका असतो. रजिस्ट्रेशनची विभागणी मात्र कार्यक्रमाच्या अंगाने करावी, कारण तिथे गाण्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. फोल्डरच्या आत फोल्डर फार खोलवर नेऊ नयेत. काही मॉडेल्सवर पातळ्यांना मर्यादा असते, आणि मर्यादा नसली तरी अंधाऱ्या मंडपात पाच वेळा बोट लावून स्टाइल शोधण्यात काही अर्थ नसतो.

नावे रोमन लिपीत आणि आखूड ठेवावीत. संगणकावर देवनागरीत दिलेले नाव वाद्याच्या पडद्यावर नीट उमटेलच असे नाही. पडद्यावरची यादी अक्षरांच्या क्रमाने लागते, म्हणून आकडे घालताना 1, 2, 3 असे न घालता 01, 02, 03 असे घालावेत. नाहीतर दहावे गाणे पहिल्याच्या पाठोपाठ येऊन बसते आणि दुसरे गाणे खाली ढकलले जाते. एकाच स्टाइलच्या ‘नवीन’, ‘नवीन 2’, ‘फायनल’, ‘फायनल खरी’ अशा आवृत्त्या साठवण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असते. त्याऐवजी नावाच्या शेवटी महिना आणि वर्ष यांचे चार आकडे घातले तर कोणती आवृत्ती ताजी आहे हे सहा महिन्यांनीही कळते.

रचना एकदा ठरली आणि तिच्यावर रजिस्ट्रेशन उभे राहिले की फायलींची नावे आणि जागा बदलू नयेत. बदलणे अपरिहार्यच असेल तर ते काम संगणकावर उरकून मोकळे होता येत नाही. फाइल हलवल्यानंतर वाद्यासमोर बसून ते रजिस्ट्रेशन उघडावे, नव्या जागेवरून स्टाइल पुन्हा निवडावी, मेमरीच्या बटणाने त्याच क्रमांकावर पुन्हा नोंदवावे आणि बँक त्याच नावाने सेव्ह करावी. मेमरीची खिडकी उघडल्यावर कोणकोणत्या गोष्टी नोंदवायच्या याच्या खुणा दिसतात; त्यात स्टाइलची खूण काढलेली असेल तर सारा खटाटोप फुकट जातो, म्हणून ती आधी पाहावी. दहा बटणांच्या एका बँकेला या कामी पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात. तीस बँका असतील तर हिशेब ज्याचा त्याने करावा.

बॅकअप दोन प्रकारचा हवा

पहिला प्रकार म्हणजे वाद्याने स्वतः तयार केलेला पूर्ण बॅकअप. एसएक्स मालिकेत मेनूमधून सिस्टिममध्ये आणि तिथून बॅकअप-रिस्टोअरच्या पानावर जावे, पेन ड्राइव्ह लावलेला असावा, आणि बॅकअपचा आदेश द्यावा. यूजर ड्राइव्हवरचा मजकूर आणि वाद्याच्या सर्व सेटिंग्ज मिळून बीयूपी प्रकारची एकच फाइल तयार होते. याला काही मिनिटे लागू शकतात आणि तेवढ्या वेळात वाद्य बंद करणे किंवा पेन ड्राइव्ह काढणे कटाक्षाने टाळावे. तयार झालेली फाइल त्याच दिवशी संगणकावर दिनांकाचे फोल्डर करून तिच्यात उतरवावी. फाइलचे मूळ नाव तसेच ठेवून दिनांक फोल्डरला दिला की पुढे घोटाळा होत नाही, आणि नवा बॅकअप जुन्याला पुसूनही टाकत नाही.

या पूर्ण बॅकअपविषयी तीन गोष्टी ठाऊक असायला हव्यात. एक, त्यात पेन ड्राइव्हवरच्या फायली येत नाहीत, एक्सपान्शनचे टोन व स्टाइल्स येत नाहीत, आणि कॉपीराइटचे संरक्षण असलेली विकतची गाणीही येत नाहीत. दोन, तो सगळा तरी परत घ्यायचा किंवा मुळीच नाही. त्यातून एकच लावणीची स्टाइल बाहेर काढता येत नाही. तीन, रिस्टोअर केल्यावर वाद्य बॅकअपच्या दिवशी जसे होते तसे होते, म्हणजे त्यानंतर यूजर ड्राइव्हवर केलेले काम त्याखाली गाडले जाते. संरक्षित गाणी यूजर ड्राइव्हवर असतील तर रिस्टोअरपूर्वी ती पेन ड्राइव्हवर हलवून ठेवावी लागतात, अन्यथा ती पुसली जातात. शिवाय ही फाइल त्या त्या मॉडेलपुरतीच असते. एसएक्स 700 विकून 900 घेतला तर जुनी बीयूपी फाइल तिथे उपयोगी पडत नाही.

म्हणूनच दुसरा प्रकार लागतो, तो म्हणजे सुट्या फायलींची प्रत. फाइल निवडण्याच्या पडद्यावरच्या कॉपीच्या आदेशाने यूजर ड्राइव्हवरची चारही मुख्य फोल्डर आतल्या रचनेसह पेन ड्राइव्हवर उतरवावीत. मॉडेल बदलले, एखादीच फाइल चुकून पुसली गेली किंवा दुसऱ्या वादकाला दोन स्टाइल्स द्यायच्या असल्या, तर कामाला येते ती हीच प्रत. पूर्ण बॅकअप महिन्यातून एकदा, शिवाय सॉफ्टवेअर अपडेट करण्यापूर्वी आणि वाद्य दुरुस्तीला देण्यापूर्वी घ्यावा. सुट्या फायलींची प्रत मात्र ज्या दिवशी नवे काम झाले त्याच दिवशी घ्यावी. दुरुस्तीच्या बाबतीत मी जास्त आग्रही आहे, कारण आतला बोर्ड बदलावा लागला तर त्यावरचा मजकूर परत मिळेल अशी अपेक्षा धरता येत नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्याला आपल्या फायलींची किंमत माहीत असण्याचे कारणही नसते.

एक्सपान्शनची वेगळी वाट

भारतीय वाद्यांचे टोन घालण्यासाठी हल्ली बरेच जण एक्सपान्शन पॅक घेतात. यामाहाच्या पद्धतीत यामाहा एक्सपान्शन मॅनेजर या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये पॅक जमा करायचे, आपल्या वाद्यातून काढलेली माहितीची फाइल त्या प्रोग्रॅमला द्यायची आणि मग सर्व पॅकची मिळून एकच इन्स्टॉल फाइल बनवून ती पेन ड्राइव्हने वाद्यात घालायची असते. मेख अशी की नवी इन्स्टॉल फाइल घातली की आधी घातलेले सारे पॅक निघून जातात आणि नव्या फाइलमध्ये जे असेल तेवढेच उरते. कुणीतरी दिलेला एकच ढोलकीचा पॅक उत्साहाने इन्स्टॉल करून आपले संतूर आणि सनई गमावलेले वादक मी पाहिले आहेत. अशा वेळी ज्या रजिस्ट्रेशनमध्ये ते टोन वापरले होते त्या रजिस्ट्रेशनचाही आवाज बिघडतो.

त्यामुळे मूळ पॅकच्या फायली, वाद्याच्या माहितीची फाइल आणि शेवटची चालू असलेली इन्स्टॉल फाइल या तिन्ही गोष्टी संगणकावर एकत्र जपून ठेवाव्यात. विकतचे पॅक पुष्कळदा त्या एकाच वाद्याशी बांधलेले असतात, म्हणून खरेदीची पावती आणि ज्या ईमेलने खरेदी केली त्याची नोंदही त्याच फोल्डरमध्ये असावी.

कॉर्ग आणि कॅसिओ वापरणाऱ्यांसाठी

कॉर्गच्या पीए मालिकेत विचारसरणी वेगळी आहे. तिथे ‘सेव्ह ऑल’ केल्यावर शेवटी एसईटी असलेले एक फोल्डर तयार होते आणि त्यात स्टाइल, साउंड, पॅड, पीसीएम (ध्वनींचे नमुने), साँगबुक (गाण्यांच्या नोंदींची यादी) अशी ठरलेल्या नावांची उपफोल्डर असतात. वाद्य ही नावे पाहूनच आतला मजकूर ओळखते, म्हणून संगणकावर त्यांची नावे बदलू नयेत किंवा आतल्या फायली इकडच्या तिकडे करू नयेत. संपूर्ण एसईटी फोल्डर एकसंध उचलावे आणि एकसंधच ठेवावे. साँगबुकमधली नोंद यूजर बँकेतल्या विशिष्ट जागेकडे बोट दाखवते, त्यामुळे त्या जागेवर दुसरी स्टाइल घातली की नोंद बिनतक्रार ती दुसरीच स्टाइल वाजवते. यामाहात स्टाइल सापडत नाही आणि कॉर्गमध्ये भलतीच सापडते. कार्यक्रमात दुसरा प्रकार जास्त घातक, हे सांगायला नको. याशिवाय मीडियाच्या युटिलिटी पानावर ‘फुल रिसोर्स बॅकअप’ असतो, ज्याची बीकेपी प्रकारची फाइल बनते. पीए 700 किंवा पीए 1000 सारखी मॉडेल्स यूएसबीच्या वायरीने संगणकाला जोडून आतला ड्राइव्ह थेट उघडता येतो, ही मोठीच सोय आहे. मात्र संगणकावरून जोडणी रीतसर तोडल्याशिवाय वायर ओढू नये.

कॅसिओच्या सीटी-एक्स 9000 आयएनसारख्या मॉडेलमध्ये पेन ड्राइव्हवर म्युझिकडॅट या नावाचे फोल्डर असावे लागते आणि वाद्य त्यातल्याच फायली वाचते. त्या फोल्डरच्या बाहेर ठेवलेली फाइल वाद्याच्या लेखी अस्तित्वातच नसते.

आणखी एक सावधगिरी. यामाहा आणि कॉर्ग या दोन्ही कंपन्यांच्या स्टाइल फायलींच्या शेवटी एसटीवाय हीच अक्षरे असतात, पण एकीची फाइल दुसरीच्या वाद्यात तशीच वाजत नाही. दोन्ही वाद्ये बाळगणाऱ्यांनी त्यांची फोल्डर संगणकावर अगदी वरच्या पातळीपासूनच वेगळी ठेवावीत.

पेन ड्राइव्हची निगा

8 किंवा 16 जीबीचा, ओळखीच्या दुकानातून घेतलेला पेन ड्राइव्ह पुरेसा असतो. तो संगणकावर नव्हे, तर वाद्यावरच फॉरमॅट करावा, म्हणजे वाद्याला वाचता येणार नाही असा प्रकार निवडला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. फॉरमॅट केल्यावर त्यावरचे सर्व पुसले जाते, हे अर्थातच लक्षात ठेवावे. एक पेन ड्राइव्ह फक्त वाद्यासाठी राखावा. झेरॉक्सच्या दुकानातल्या किंवा साउंडवाल्याच्या लॅपटॉपला तो लावला की शॉर्टकट व्हायरस येतो, फोल्डर लपवले जातात आणि त्यांच्या जागी तशाच नावाचे शॉर्टकट उरतात. विंडोजसाठी लिहिलेला तो व्हायरस कीबोर्डवर चालत नाही, पण लपलेली फोल्डर कार्यक्रमाच्या वेळी दिसली नाहीत तर त्या माहितीचा काही उपयोग नसतो. बाहेर फायली द्यायच्या असतील तर दुसरा, गेला तरी चालेल असा पेन ड्राइव्ह जवळ ठेवावा.

मंडपात जनरेटरवर वाद्य चालू असताना काहीही सेव्ह करू नये. वाजवताना वीज गेली तर वाद्य पुन्हा सुरू करता येते, पण फाइल लिहिली जात असताना गेली तर ती फाइल, आणि कधी कधी अख्खा पेन ड्राइव्ह, वाचण्यापलीकडे जाऊ शकतो. स्टेजवर सुचलेला बदल कागदावर लिहून ठेवावा आणि घरी आल्यावर करावा.

घरी संगणकावर एक प्रत, पेन ड्राइव्हवर एक प्रत आणि तिसरी प्रत घराबाहेर, अशा तीन प्रती असाव्यात. 2019 च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडच्या घरांत पाणी शिरले तेव्हा कपाटातला संगणक आणि ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह या दोन वेगळ्या प्रती उरल्या नव्हत्या. एकाच पाण्यात दोन्ही भिजल्या. तिसरी प्रत गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवता येते किंवा बहिणीच्या घरी ठेवलेल्या पेन ड्राइव्हवरही. इंटरनेटवर चढवताना सुट्या फायली न चढवता मुख्य फोल्डरची एकच झिप फाइल करावी, म्हणजे आतली रचना, अर्थात पत्ते, शाबूत राहतात.

प्रत चालते का, हे वाजवूनच कळते

पेन ड्राइव्हवरून वाजवणाऱ्यांनी हुबेहूब जुळा पेन ड्राइव्ह तयार ठेवावा. वाद्य ड्राइव्हला त्याच्या कंपनीच्या नावाने ओळखत नाही, यूएसबी 1 म्हणून ओळखते, त्यामुळे आतली फोल्डर आणि नावे तंतोतंत सारखी असतील तर जुळ्यावरूनही सारी रजिस्ट्रेशन बरोबर चालतात. दोन खाचा असलेल्या वाद्यात एका वेळी एकच ड्राइव्ह लावावा, म्हणजे क्रमांक बदलण्याची भानगड राहत नाही.

मोठ्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मुख्य पेन ड्राइव्ह काढून ठेवावा, जुळा लावावा, वाद्य बंद करून पुन्हा सुरू करावे आणि कार्यक्रमातल्या प्रत्येक बँकेचे प्रत्येक बटण दाबून दोन-दोन मात्रा वाजवून पाहाव्यात. पडद्यावरचे स्टाइलचे नाव आपल्या यादीतल्या नावाशी ताडावे. नुसत्या कानावर विसंबू नये, कारण केहरव्याच्या दोन स्टाइल्स घाईत सारख्याच वाटतात. जे बटण चुकीची स्टाइल दाखवेल त्याचा क्रमांक लिहून घ्यावा, वर सांगितल्याप्रमाणे स्टाइल पुन्हा निवडून बँक सेव्ह करावी आणि तीच बँक मुख्य ड्राइव्हवरही उतरवावी. मग एक ड्राइव्ह कीबोर्डच्या बॅगेत ठेवावा आणि दुसरा पाकिटात, कारण बॅग टेम्पोतून जाते आणि पाकीट आपल्याबरोबर येते.